थोडे थांबले तर चालेल का?

मुलांच्या लसीकरणाविषयीची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. या वेळी मात्र ती सगळी एका बैठकीत सलग वाचली, तेव्हा लक्षात आले की लस मुळीच द्यायची नाही असे ठरवून बसलेला पालक त्यांत जवळजवळ नाही. बहुतेकांना लस द्यायची आहे, फक्त आत्ता नको वाटते आहे. बाळ जरा मोठे होऊ दे, ताप पूर्ण उतरू दे, घरातल्या सगळ्यांचे एकमत होऊ दे, मग बघू, असा सूर पत्रांमागून पत्रांत आहे. ही भीती मला क्षुल्लक वाटत नाही. धडधाकट, हसत्याखेळत्या बाळाला आपण होऊन सुई टोचायला न्यायचे, आणि तेही कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या आजारासाठी, हे आईबापांच्या जिवावर येणारच. म्हणून प्रत्येक पत्राचे उत्तर देताना त्यातले ‘थांबणे’ नेमके किती महाग पडू शकते, तेवढे स्पष्ट करण्याचा प्रयत्न करतो.

प्रश्न : आमचे बाळ येत्या आठवड्यात दीड महिन्याचे होईल. एकाच दिवशी दोन-तीन सुया आणि शिवाय तोंडातून थेंब, हे इतक्या कोवळ्या जिवाला सोसेल का? सहा महिन्यांपर्यंत थांबावे, तोवर अंगावरचे दूध आहेच, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. — एक आई

लसींच्या वेळापत्रकातली वये कोणी सोयीसाठी ठरवलेली नाहीत. प्रत्येक लसीच्या बाबतीत दोन गोष्टी ताडून पाहिलेल्या असतात. तो आजार कोणत्या वयात सर्वांत घातक ठरतो ही एक, आणि त्या लसीला बाळाचे शरीर कोणत्या वयापासून नीट प्रतिसाद देऊ लागते ही दुसरी. या दोहोंचा मेळ जिथे बसतो, तिथे ती लस असते. दीड महिन्याच्या लसीत डांग्या खोकल्याची लस आहे, आणि ती इतक्या लवकर असण्याचे कारण असे की हा आजार पहिल्या काही महिन्यांतच बाळाच्या जिवावर उठतो.

मोठ्या मुलाला डांग्या खोकला झाला तर खोकल्याची ढास लागते आणि शेवटी श्वास आत ओढताना तो लांब, चमत्कारिक आवाज येतो. दोन महिन्यांच्या बाळात हा आवाज बहुधा येतच नाही. माझ्या पाहण्यातल्या एका बाळाची हकीकत सांगतो. ते आईला पीत होते, मध्येच तोंड सुटले, चेहरा आधी लाल आणि मग जांभळट झाला, आणि आवाज काहीच नाही. आईला वाटले, दूध श्वासनलिकेत गेले. तिने पाठ थोपटली, बाळाने श्वास घेतला, रंग परतला. तासाभराने पुन्हा तेच झाले. खोकला असा नव्हताच. बाळाचा श्वास मधूनमधून थांबत होता. घरातला मोठा भाऊ तीन आठवडे खोकत होता, पण तो खेळत-बागडत असल्याने कोणी मनावर घेतले नव्हते. ते बाळ वाचले, पण तिथवर पोचायला अतिदक्षता विभागातले कित्येक दिवस गेले.

आईकडून मिळालेल्या संरक्षणाविषयी तुमचे यजमान म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतरचे काही महिने हळूहळू ओसरत राहतात. डांग्या खोकल्याविरुद्धची प्रतिपिंडे तर लवकर संपतात, आणि आईकडेच ती कमी असली तर बाळाच्या वाट्याला आणखी कमी येतात. याच कारणासाठी अनेक देशांत गरोदरपणाच्या सातव्या ते नवव्या महिन्यात आईला डांग्या खोकल्याची लस देतात. अंगावरचे दूध अमूल्य आहे आणि ते सुरू ठेवावेच, पण त्यातली प्रतिपिंडे मुख्यतः घसा आणि आतडी यांच्या अस्तरावर काम करतात. लसीची जागा ते घेऊ शकत नाही.

गंमत अशी की आईच्या याच प्रतिपिंडांमुळे एका लसीच्या बाबतीत थांबणे योग्य ठरते. गोवराची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. ती फार लवकर दिली तर आईची प्रतिपिंडे त्या विषाणूला मुळात रुजूच देत नाहीत आणि लस वाया जाते. म्हणून ती नऊ महिन्यांनंतर, किंवा जिथे गोवर कमी आहे तिथे वर्षानंतर देतात. याच्या अगदी उलट कावीळ ‘ब’ची लस. जन्माच्या वेळी आईकडून ही कावीळ लागलेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या शरीरात तो विषाणू कायमचा ठाण मांडतो, आणि पुढे त्यातून यकृत निकामी होण्याचा किंवा यकृताच्या कर्करोगाचा धोका राहतो. प्रौढ वयात लागण झाली तर हेच प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. म्हणून ती लस जन्मापासून चोवीस तासांच्या आत द्यायची असते. थांबण्याचा सगळा विचार वेळापत्रक आखतानाच झालेला आहे. सहा महिने थांबायचे ठरवले, तर ज्या महिन्यांसाठी ही लस आहे नेमके तेच महिने बाळ उघडे पडेल. तेव्हा ठरल्या दिवशी जावे, असेच मी सांगेन.

प्रश्न : पहिल्या डोसनंतर रात्री मुलीला १०२ पर्यंत ताप आला, ती सलग दोन-अडीच तास रडली आणि मांडीवर गाठ आली, ती अजून आहे. पुढचा डोस टाळावा का? — एक वडील

ती रात्र तुम्ही दोघांनी कशी काढली असेल, याची कल्पना येते. पण तुम्ही सांगता ती लक्षणे पुढचा डोस थांबवण्यासारखी नाहीत. एकाच सुईत तीन किंवा पाच आजारांपासून रक्षण देणाऱ्या त्रिगुणी किंवा पंचगुणी लसीत डांग्या खोकल्याचा जो घटक असतो, तो पुष्कळदा मारलेल्या संपूर्ण जिवाणूंचा असतो. शरीर त्याची जोरात दखल घेते, आणि जवळजवळ निम्म्या बाळांना त्यानंतर थोडाफार ताप येतो. मांडीवरची गाठ काही आठवडे टिकू शकते. ती दुखत नसेल, वाढत नसेल तर तिला चोळू नये, शेकू नये, तशीच राहू द्यावी. ती लाल, गरम होऊन वाढू लागली तर मात्र दाखवावी.

डांग्या खोकल्याचा घटक पुन्हा देऊ नये अशी कारणे फार थोडी आहेत. लस दिल्यानंतर काही मिनिटांत किंवा एक-दोन तासांत अंगभर गांधी, धाप, ओठ सुजणे, रक्तदाब उतरणे अशी तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल, किंवा लसीनंतर सात दिवसांत दुसरे कोणतेही कारण न सापडता बाळाची शुद्ध हरपण्यापर्यंत मेंदूवर परिणाम झाला असेल, ही ती कारणे. आकडी आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे ते पडताळून निर्णय घेतील. तापावर पॅरासिटॅमॉल बाळाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत द्यावे, पण ताप आल्यावर. खबरदारी म्हणून आधीच औषध पाजण्याचा प्रघात आहे, तो सोडावा. त्याने काही लसींचा प्रतिसाद थोडा कमी होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. ताप दोन दिवसांहून जास्त टिकला, बाळ पिईनासे झाले किंवा हाक मारूनही मरगळलेलेच राहिले, तर लसीचाच ताप असेल असे घरच्या घरी ठरवू नये. लसीनंतरच्या त्या दिवसांत दुसराच एखादा संसर्ग झालेला असू शकतो.

तुमच्यासारखाच विचार एकदा एका आख्ख्या देशाने केला होता. जपानमध्ये १९७४-७५च्या हिवाळ्यात त्रिगुणी लसीनंतर दोन बाळे दगावली. सरकारने लस काही काळ थांबवली, नंतर ती दोन वर्षांच्या वयापासून पुन्हा सुरू केली, पण लोकांचा विश्वास उडाला होता. १९७४ साली तिथे डांग्या खोकल्याचे ३९३ रुग्ण होते आणि त्याने मृत्यू एकही नव्हता. १९७९ साली रुग्ण झाले सुमारे १३,००० आणि मृत्यू ४१. मला या हकिकतीचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी पालकांची तक्रार झटकून टाकली नाही. जिवाणूचे फक्त आवश्यक तेवढे भाग वेगळे काढून, कमी ताप आणणारी लस त्यांनी तयार केली आणि १९८१ पासून ती वापरात आली. अशी लस आता बऱ्याच ठिकाणी मिळते. तिचे संरक्षण जुन्या लसीपेक्षा लवकर ओसरते, हा तिचा कमीपणा. दोहोंपैकी कोणती, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल. पण पुढचा डोस चुकवू नये, कारण एका डोसाने मिळते ते संरक्षण अपुरे आणि अल्पकाळाचे असते.

प्रश्न : माझा भाचा सव्वा वर्षाचा असताना आठ-दहा शब्द बोलत होता. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस झाल्यावर महिन्याभरात तो गप्प झाला. त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे असे निदान झाले. माझ्या बहिणीची खात्री आहे की लसीनेच हे केले. आता माझ्या मुलाची तीच लस आली आहे. — एक आई

हे पत्र मी दोनदा वाचले. तुमच्या बहिणीने जे पाहिले ते खरेच आहे. मूल बोलत होते आणि बोलेनासे झाले, हे तिच्या डोळ्यांदेखत घडले, आणि दोन्ही घटना एका महिन्यात आल्या. प्रश्न एवढाच उरतो की एकीमुळे दुसरी घडली का.

हा संबंध जगभर पसरला तो १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका लेखामुळे. अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांनी त्यात मुलांची माहिती दिली होती, आणि ती मुले होती फक्त १२. ज्या मुलांना लस दिली नाही, त्यांच्याशी तुलनाच त्यात नव्हती. २००४ साली त्याच्या बहुतेक सहलेखकांनी त्या निष्कर्षातून अंग काढून घेतले. पुढे चौकशीत असे निघाले की मुलांची निवड लेखात म्हटली होती तशी झाली नव्हती, आणि लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यांना पैसे मिळाले होते. २०१० साली तो लेख मागे घेण्यात आला, आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने त्यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकले.

लेख खोटा निघाला, एवढ्यावर थांबता येत नाही, कारण तुमच्या बहिणीची शंका त्या लेखावर अवलंबून नाही. म्हणून ती शंका स्वतंत्रपणे तपासली गेली. डेन्मार्कमध्ये १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी पाहून केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा जास्त आढळले नाही. भावंडाला स्वमग्नता असलेल्या, म्हणजे मुळात अधिक शक्यता असलेल्या मुलांचा वेगळा विचार केला, तरी फरक दिसला नाही. तुमच्या कुटुंबाच्या दृष्टीने हा भाग मोलाचा आहे. जपाननेही ही तिहेरी लस, तिच्यातल्या गालगुंडाच्या विषाणूच्या विशिष्ट वाणामुळे काही मुलांना मेंदूच्या आवरणाची सूज आल्यावर, १९९३ साली बंद केली होती. लस बंद झाली, पण स्वमग्नतेची निदाने वाढतच राहिली. ती लसीमुळे होत असती, तर असे झाले नसते.

मग भाच्याच्या बाबतीत वेळ इतकी कशी जुळली? स्वमग्नता असलेल्या काही मुलांमध्ये आलेली भाषा साधारण सव्वा ते दोन वर्षांच्या दरम्यान मागे सरकते, आणि ही लसही त्याच वयात असते. पुढे निदान झालेल्या मुलांच्या पहिल्या वाढदिवसाची घरगुती चित्रफीत तज्ज्ञांनी बारकाईने पाहिली, तेव्हा हाकेला वळून न पाहणे, बोटाने दाखवून लक्ष न वेधणे अशी चिन्हे बऱ्याच मुलांत तेव्हाच आढळली होती. आईबापांना ती जाणवली नव्हती, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही. स्वमग्नतेची मुळे बहुतांशी आनुवंशिक घडणीत असतात आणि मेंदूतले फरक गर्भातच सुरू झालेले असतात.

तुमच्या मुलाला लस अवश्य द्यावी. बहिणीपुढे हे आकडे मांडायला मात्र जाऊ नये. मी याला तिथे घेऊन गेले आणि माझ्या हाताने हे झाले, असे ओझे ती बहुधा मनात वाहत असेल. तिने काहीही चुकीचे केलेले नाही, हे तिला कोणीतरी जवळच्याने सांगण्याची गरज आहे, आणि ते तुम्हीच सांगू शकाल. आणि दोन्ही मुलांच्या वाढीवर लक्ष ठेवण्यात तुम्हाला तिचीच मदत होईल, कारण काय पाहायचे ते तिला आता कोणाहीपेक्षा चांगले कळते.

प्रश्न : आमच्या वेळी दोन-तीनच लसी होत्या. गोवर-कांजिण्या घरोघर येत, मुले आठ दिवसांत उठून खेळू लागत. आता नातवाच्या कार्डावर ही भली मोठी यादी. इतक्या लसींचा भार कशासाठी? — एक आजी

आजी, यादी लांबली हे खरे आहे, पण भार त्या मानाने वाढलेला नाही, याचे तुम्हाला कदाचित नवल वाटेल. तुमच्या लहानपणी देवीची लस टोचत असत. त्या एका लसीत शरीराला ओळखावी लागणारी प्रथिने सुमारे २०० होती. डांग्या खोकल्याच्या संपूर्ण जिवाणूच्या लसीत ती सुमारे ३,००० असतात. नवीन लसी इतक्या नेमक्या बनवलेल्या असतात की त्यांतल्या कित्येकांत अशी प्रथिने एक-दोन किंवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. शिवाय रांगणारे बाळ जमिनीवरची वस्तू तोंडात घालते तेव्हा त्याच्या शरीराला एका घासात जेवढ्या नव्या जंतूंची ओळख होते, तेवढी या कार्डावरच्या सगळ्या लसी मिळूनही होत नाही.

देवीच्या लसीचा वण तुमच्या दंडावर असेल. नातवाच्या दंडावर तो नसेल, कारण १९७७ साली सोमालियात नैसर्गिकपणे देवी झालेला शेवटचा रुग्ण सापडला, १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले, आणि ती लस देणेच बंद झाले. गरज संपली की यादीतून नाव कमीही होते.

गोवराबद्दल मात्र तुमच्याशी असहमत होण्याची परवानगी द्यावी. उठून खेळू लागलेली मुले आठवतात, कारण ती आपल्याबरोबर वाढली. गोवराची लस १९६३ साली आली, त्यापूर्वी जगात दर वर्षी सुमारे २६ लाख माणसे या आजाराने दगावत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गोवरातून उठलेल्या मुलाच्या शरीरात आणखी एक नुकसान झालेले असते, ते अलीकडेच नीट समजले. गोवराचा विषाणू रोगप्रतिकारक पेशींवरच हल्ला करतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या ७७ मुलांचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे रक्त तपासले, तेव्हा इतर आजारांविरुद्ध आधी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. गोवरानंतर मूल वर्ष-दोन वर्षे सारखे आजारी पडते, असे जुन्या बायका म्हणत. त्या म्हणण्याचा अर्थ आता लागला. तुमच्याही आठवणीत असे एखादे मूल असेल.

प्रश्न : लस दिल्यानंतर बाळ दगावल्याच्या बातम्या येतात. त्या सगळ्या अफवाच असतात का? — एक वाचक

सगळ्या अफवा असतात, असे मी म्हणणार नाही. पालकांपासून अशा गोष्टी लपवल्या, की त्यांचा खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो.

२०१८ च्या जुलैमध्ये प्रशांत महासागरातल्या सामोआ या छोट्या देशात गोवर-गालगुंड-रुबेलाची लस दिल्यावर काही मिनिटांत दोन बाळे मरण पावली. या लसीची पूड असते आणि ती ठरावीक पाण्यात विरघळवून देतात. परिचारिकांनी पाण्याऐवजी चुकून शस्त्रक्रियेत स्नायू सैल करण्यासाठी वापरायचे औषध मिसळले होते. लस निर्दोष होती, पण ती देणाऱ्या हातांची चूक जीवघेणी ठरली, आणि त्या परिचारिकांना पुढे तुरुंगवास झाला. सरकारने ती लस कित्येक महिने थांबवली. घाबरलेले पालक नंतरही परतले नाहीत. २०१९ च्या शेवटी गोवराची साथ आली, तेव्हा जेमतेम दोन लाख लोकवस्तीच्या त्या देशात ५,७०० हून अधिक लोकांना गोवर झाला आणि ८३ जण दगावले. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती. एका चुकीने दोन बाळे गेली, आणि त्या चुकीच्या भीतीने त्यांच्या चाळीसपट माणसे गेली.

कधी लसीतही दोष निघतो. अतिसार आणणाऱ्या रोटा विषाणूवरची पहिली लस १९९८ साली अमेरिकेत आली. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकण्याचा गंभीर प्रकार सुमारे दहा हजार बाळांमागे एकाला होतो असे दिसताच, १९९९ साली ती मागे घेण्यात आली. नंतरच्या दोन लसी प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर तपासून मगच आल्या. त्यांच्यातही हा धोका अगदी थोडा आहे. म्हणून रोटाच्या थेंबांनंतर बाळ थांबून थांबून कळवळून रडू लागले, उलट्या झाल्या किंवा शीमध्ये रक्त दिसले, तर तडक दवाखाना गाठावा.

पालक म्हणून तुमच्या हातात एक गोष्ट आहे. लस देण्यापूर्वी कुपी पाहायला मागावी. नाव आणि मुदतीची तारीख वाचावी. पुष्कळ कुप्यांवर एक छोटे वर्तुळ छापलेले असते आणि त्याच्या आत एक चौकोन. चौकोन सुरुवातीला फिकट असतो आणि उष्णता लागत जाईल तसा गडद होत जातो. तो बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल, तर लसीला झेपेल त्याहून अधिक उष्णता लागलेली नाही. दोन्हींचा रंग एक झाला असेल किंवा चौकोन अधिक गडद असेल, तर ती कुपी वापरायची नसते. पूड विरघळवायची लस असेल, तर ती कशात आणि किती वाजता विरघळवली, हेही विचारावे. गोवराची लस विरघळवल्यावर सहा तासांनंतर वापरत नाहीत. चांगल्या परिचारिकेला या विचारण्याचा राग येत नाही. उलट ती कुपी तुमच्यापुढे धरते.

प्रश्न : भोवतालच्या सगळ्या मुलांना लस दिलेली असताना आमच्या एका मुलाने काय बिघडेल? — एक वडील

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, माणसांकडून येत नाहीत, त्यामुळे तिथे शेजाऱ्याच्या लसीचा उपयोग शून्य. गोवर हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही तो विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, आणि कोणालाही लस नसेल तर एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होते. त्याला रोखायचे तर शंभरांतल्या ९५ जणांना संरक्षण असावे लागते. उरलेल्या पाचांत रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारी मुले असतात, नऊ महिन्यांखालची तान्ही बाळे असतात. त्यांना लस देता येत नाही. त्या जागा त्यांच्यासाठी राखलेल्या आहेत.

काही थोडक्यात विचारलेले प्रश्न

साधी सर्दी, खोकला, हगवण किंवा किरकोळ ताप असेल तर लस पुढे ढकलण्याचे कारण नाही. बाळ खरोखर आजारी, मलूल असेल तर बरे होईपर्यंत थांबावे. मध्ये खंड पडला असेल, अगदी वर्षभराचा असला तरी, बहुतेक लसींचे डोस पहिल्यापासून द्यावे लागत नाहीत. जिथे सुटले तिथून पुढे सुरू करतात. कार्ड हरवले असले तरी जावे. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय लसींसाठी जन्मतारखेपासूनच मोजतात. अंड्याची अ‍ॅलर्जी गोवराच्या लसीला आड येत नाही. क्षयरोगावरच्या बीसीजी लसीनंतर काही आठवड्यांनी दंडावर फोड येऊन त्यातून थोडा पू येतो, मग खपली धरते आणि वण राहतो. हे असेच व्हायचे असते. त्यावर मलम, हळद, पट्टी काहीही लावू नये आणि तो पिळू नये.

लस थांबवावी, अशी खरी कारणेही आहेत. बाळाची रोगप्रतिकारक शक्ती जन्मतः सदोष असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, किंवा स्टिरॉइड मोठ्या मात्रेत अनेक दिवस दिले जात असेल, तर जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत. घराण्यात पूर्वी एखादे बाळ वारंवार जंतुसंसर्ग होऊन दगावले असेल, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी ते त्यांना सांगावे. हा प्रश्न घाईत विचारायचा राहून जातो.

प्रश्न : मला स्वतःलाच सुईची धास्ती आहे. बाळ रडले की मी बाहेर निघून जाते आणि आत सासूबाई थांबतात. याने काही बिघडते का? — एक आई

बिघडत काही नाही, पण तुमच्या कुशीत बाळाला दुखणे खरोखर कमी जाणवते, म्हणून एकदा आत थांबून पाहावे असे सुचवतो. तोंडावाटे द्यायचे थेंब आधी देऊन घ्यावेत. मग बाळाला आडवे निजवून हातपाय दाबून धरण्याऐवजी मांडीवर, छातीशी घ्यावे, त्याची एक मांडी मोकळी ठेवावी, आणि सुई टोचण्याच्या जरा आधीपासून अंगावर पाजायला घ्यावे. पिणे चालू असतानाच सुई टोचली आणि त्यानंतरही ते तसेच चालू राहिले, तर रडणे थोडक्यात आटोपते. दोन सुया असतील तर जी अधिक दुखते ती शेवटी द्यायला सांगावी. ‘काही नाही झालं’ असे पुन्हा पुन्हा म्हणण्यापेक्षा नेहमीच्या आवाजात नेहमीचे काहीही बोलत राहावे. बाळ तुमचा आवाज ऐकते, आणि तो घाबरलेला असला तर त्यालाही ते कळते. सुईकडे तुम्ही पाहण्याची काहीच गरज नाही. बाळाच्या चेहऱ्याकडे पाहावे.

त्यानंतर अर्धा तास तिथेच बसावे. तीव्र अ‍ॅलर्जी साधारण दहा लाख डोसांमागे एखाद्यालाच होते, पण झाली तर बहुधा त्या पहिल्या काही मिनिटांतच होते, आणि तिच्यावरचे अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन तिथे हाताशी असते. तेवढ्या वेळात बाळ बहुधा झोपून जाईल. त्याला खांद्यावर घेऊन उठण्यापूर्वी कार्डावर आजच्या लसींची नोंद झाली का आणि पुढची तारीख लिहिली का, ते पाहून घ्यावे.